मान्स्वा

बूट तिथेच काढा, दाराशी.
आमची माती फरशीच्या सांध्यांत शिरली
की सुनेला निघत नाही, सुनेच्या सुनेलाही.
लोखंड आहे तिच्यात. म्हणून अशी लाल,
डोंगराचं कोपर कुठेतरी खरचटलं
आणि खपली धरलीच नाही, तशी.

बसा.
पॅरिसहून इतक्या लांब आलात मार्सियाकला,
तर वहीत आधी द्राक्षाचं नाव लिहा: मान्स्वा.
सरकारी कागदावर त्याला फेर सर्व्हादू म्हणतात.
फेर म्हणजे लोखंड, आणि ते लाकडामुळे.
जानेवारीत छाटणीला उभं राहिलं
की दिवसभर कात्री कुरकुरते
आणि रात्रभर मनगट.
हा उजवा अंगठा बघा. सरळ होतच नाही.

चव?
लहानपणी बोट चिरलं की झटकन तोंडात घालायचो ना,
ती पहिली.
मग रासबेरी, झाडावरची, उन्हात तापलेली.
मग ढोबळी मिरची चिरताना नाकात शिरतं ते हिरवं काहीतरी.
शेवटी जीभ जराशी आकसते,
खोटं बोलता बोलता थबकलेल्या माणसासारखी.
तुमच्या वहीत याला काय म्हणतात, देव जाणे.

कशाबरोबर प्यायची म्हणता?
अलिगोबरोबर. बटाटा, कोवळं चीज, लसूण,
आणि ढवळायला दंडात दम असलेला एक माणूस.
पळी उचलली की दोन हात तार निघाली पाहिजे;
घशातली ती तार ही वाइन कापते.
मेंढीच्या आतड्यांच्या पुरचुंड्या करतो आम्ही,
रात्रभर मंद आचेवर,
त्यांच्याबरोबर तर सकाळी आठलाही चालते.
नाक मुरडू नका, तुम्हालाही वाढणार आहे.
आणि शुक्रवारी तो नॉर्वेचा सुका मासा,
फळकुटासारखा कडक,
आठवडाभर भिजवून, बटाट्यात कुस्करून,
वर अक्रोडाचं तेल कढत कढत.

तो मासा खाणवाल्यांचा. वाइनही त्यांचीच.
देकाझव्हीलच्या खाणीतून वर आलेला माणूस
पहिला घोट कोळशासकट थुंकायचा,
दुसरा गिळायचा,
तिसऱ्यानंतर मग बायकोचं नाव आठवायचं.
माझा दीर उर्बें त्यांतला.
बोगदे बंद झाले तेव्हा लोरेनला गेला, दुसऱ्या खाणीत.
फेरेओलनं, माझ्या नवऱ्यानं,
त्या वर्षाची एक बाटली तळघरात खालच्या फळीवर ठेवली:
आला की फोडू.
मी म्हणायची, अरे, ही ठेवायची वाइन नाही,
चार-पाच वर्षं, फार तर दहा.
तो म्हणे, तुला काय कळतंय.

आधी पत्रं आली. मग नुसती नाताळची कार्डं.
मग तंबाखूच्या डबीत, कापसात गुंडाळून,
उर्बेंचा चष्मा.
बाटली तिथेच.

फेरेओल गेला तो एप्रिल हिवाचा.
वेलींच्या रांगांतून रात्रभर मेणबत्त्या लावल्या होत्या,
कोंब वाचले, त्याची छाती नाही वाचली.
दफनाच्या दुपारी बावीस माणसं जेवायला,
आणि मी खाली जाऊन ती बाटली काढली.
बुचाचा भुगा झाला.
रंग विटकरी. वास आला आणि कळलं.
व्हिनेगर.

मोरीत ओतणारच होते,
पण चुलीवर मसूर शिजत आले होते.
बारीक कांदा, अक्रोडाचं तेल, मीठ
आणि त्या दोघा भावांचं ते आंबट.
कुणी काही बोललं नाही, ताटं पुसून खाल्ली.
एकट्या बेर्तनं विचारलं,
झेली, हे व्हिनेगर कुठून आणलंस गं?
म्हटलं, घरचंच आहे.

तर किती पेट्या म्हणालात? चाळीस?
गार द्या गिऱ्हाइकाला, तळघराइतकी गार, बर्फात बुडवू नका.
आणि तरणी असतानाच संपवा म्हणावं.

ते कोपऱ्यातलं मडकं?
त्याला हात लावू नका.
त्यात त्या बाटलीचं विरजण आहे,
उरलासुरला तळ ओतत असते मी त्यात.
ते विकायचं नाही.
ते लिहिलंत? खोडा.