टोलेडोच्या आदल्या रात्री

रात्री एक वाजता क्लीव्हलंडच्या लाँड्रीत
आमचे बावीस कॉर्सेट आणि चाळीस पेटिकोट
सहा मशिनांत गरगरत होते
आणि ट्रॉम्बोनची पेटी मांडीवर घेऊन प्रुएट म्हणाला,
"सगळ्यांत मोठं गाणं? विधवेचं. दुसऱ्या अंकातलं.
मी चौसष्ट मात्रा गप्प,
आणि पासष्टावीला एकच सूर, खालचा.
दारात उभं राहून वाईट बातमी सांगावी तसा."

ओतिलिया हसली. तोंडात टाचण्या होत्या.
तीस वर्षांत हसताना एकही सांडलेली नाही.
"ते गाणं मला ठाऊकच नाही रे.
ती तिकडे रडते तेव्हा मी विंगेतल्या काळोखात
तिच्या बहिणीचे अठरा हुक लावत असते.
मोठं गाणं खानावळीतलं.
त्यात कुणी कपडे बदलत नाही.
साडेचार मिनिटं. मी बसते. बूट काढते."

"हा काय निकष झाला?" लुर्देस उसळली.
लुर्देस दोन वर्षं नायिकेची बदली नटी,
आणि नायिकेला साधी शिंक येत नाही.
तिला सगळी गाणी पाठ, श्वासाच्या जागांसकट,
एकही लोकांपुढे म्हटलेलं नाही.
"गाणं मोठं कधी? सुरू करताना जी बाई होती
ती संपताना सापडत नाही, तेव्हा.
वन्समोअर कसला मागता? कुणाला मागता?
ती तर गेलेली असते."

मग हमरीतुमरी. पहिला अंक, दुसरा अंक,
मागच्या मंडळींचं नाटक, त्याच्या मागच्यांचं,
कुणाची तरी आई, तिने शिकागोत म्हणे
बाल्कनीत उभ्याने ऐकलेलं काहीतरी.
काउंटरमागून त्सेगाये बघत होता,
चिल्लर मोजता मोजता थांबून.

माझं मत कुणी विचारत नाही.
मी छताजवळ असतो, स्पॉटलाइटमागे,
कानाला हेडसेट, अर्धे शब्द पोचतच नाहीत.
माझ्यासाठी गाणं म्हणजे एका तोंडाभोवतीचं वर्तुळ,
केव्हा किती लहान करायचं, बस.
तरी म्हणालो, "नदीवरचं."

गप्प झाले.
हार्टफर्डला तीन प्रयोग झाले आणि ते कापलं.
त्याच रात्री वाद्यवृंदाच्या वह्या परत मागवल्या,
सकाळी कार्यक्रमपत्रिकेवर काळी रेघ.

"शेवटची ओळ खाली यायची," प्रुएट हळूच म्हणाला.
"वर जायची," लुर्देस म्हणाली, आणि गुणगुणून दाखवली,
आणि मध्येच अडकली.
ओतिलियाने टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या.
"हिरवी शाल होती. प्रवेशाआधी पोरगी
माझा अंगठा धरून उभी राहायची, गार हाताने.
गाणं म्हणशील तर, शाल आठवते."
आणि मी? तिसऱ्या रात्री सूचना लवकर आली.
मी वर्तुळ मिटवलं. ओळ अजून बाकी होती.
ती तिने काळोखात म्हटली.
माझ्या हेडसेटमध्ये तेव्हा कुणीतरी शिव्या देत होतं.

"त्या ड्रायरमध्ये ते घालू नका," त्सेगाये ओरडला,
"हाडं वाकतील!"
कॉर्सेटची हाडं. आम्ही सगळेच धावलो.

पहाटे व्हॅनमध्ये ओले कपडे दोरीवर,
प्रत्येक वळणाला पेटिकोट गालांवर.
सँडस्कीच्या अलीकडे व्हर्लिनने रेडिओ बंद केला.
मागे लुर्देस काचेला कपाळ टेकून
तीच ओळ एकदा वर नेत होती, एकदा खाली,
काच धुरकट व्हायची, पुन्हा निवळायची.
प्रुएट झोपला होता, निदान डोळे मिटले होते.
त्याची उजवी मूठ मांडीवरून पुढे सरकली,
लांब, पार गुडघ्याच्या टोकाला,
थांबली.
मग जराशी मागे आली.