'जर'चं वाक्य

लर्विकच्या शाळेत तीस वर्षं
इशबेल इंकस्टर मुलांना बजावत आली:
'जर'नं सुरू होणारं वाक्य एकटं उभं राहत नाही,
त्याला टेकायला मुख्य वाक्य लागतं.
'जो'वालं नामाला बिलगतं, 'जेव्हा'वालं क्रियापदाला.
ओळखा. खाली रेघ मारा.

आज फ्रीजवर गिल्बर्टची चिठ्ठी,
बोट गाठायच्या घाईत खरडलेली:
'जर मला उशीर झाला'

पुढे 'तर' नाही, काही नाही.

सवयीनं तिनं लाल पेन काढलं,
समासात लिहिलं: अपूर्ण.
मग खोडलं.

साडेनऊ. धक्क्यावर एकच दिवा,
केटली दुसऱ्यांदा उकळून गार.

'झाला'पुढे ती
नुसता एक स्वल्पविराम देते
आणि उरलेली ओळ
मोकळी ठेवते.