खूण

तिसरा मजला. लिफ्ट नाही.
नेरीनाबाईंनी वरूनच विचारलं, पुस्तकं किती आणलीत?
एकही नाही, मी म्हटलं,
जिनोआहून आलोय, जहाजांच्या विम्याचं काम,
गोदीजवळची सगळी हॉटेलं भरलीत.
त्या गप्प झाल्या,
लग्नघरी कुणी मोकळ्या हातानं यावं, तशा.
मग म्हणाल्या, अर्धवटांची खोली आहे. चालेल?

अर्धवट म्हणजे मी नव्हे.
गेल्या वीस वर्षांत इथं उतरलेल्यांनी
वाचता वाचता टाकून दिलेली पुस्तकं.
चारही भिंतींना, पलंगाच्या उशाला, खिडकीखालच्या फळीवर.
जो जिथं थांबला तिथं त्याची खूण:
ट्रामचं तिकीट, केसांचा चाप, औषधांची चिठ्ठी,
संत्र्याची वाळकी साल, एका बुटाची नाडी.
दारामागे एकच नियम, शाईनं, तोही फिकटलेला:
काहीही वाचा. खूण हलवू नका.
माणसं परत येतात.

मी काही वाचलं नाही.
खिडकी बोटभर उघडली आणि सिगरेट ओढून झोपलो.
खिट्टी लावायची राहिली.

रात्री दोनला बोरा सुटला.
त्रिएस्तेचा हा वारा दार वाजवत नाही, सरळ आत येतो.
खिडकी भिंतीवर आपटली,
फळीवरची अकरा पुस्तकं जमिनीवर पालथी,
आणि खुणा घरभर,
एक तिकीट तर माझ्या ओल्या मोज्याला चिकटलेलं.
मी अनवाणी, अंधारात, ओणवा,
लोकांच्या थांबण्याच्या जागा गोळा करत होतो.

सकाळी सगळं टेबलावर मांडलं, चोरानं मुद्देमाल मांडावा तसं.
नेरीनाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
कॉफी ओतली. सगळ्यांना. मला शेवटी.

ग्राट्सच्या वाल्ट्राउटबाई, औषधांचं दुकान चालवतात,
म्हणाल्या, माणूस कुणी मेलं की थांबतो.
गोरिशियाच्या ब्रेदा मास्तरीण म्हणाल्या, छे,
लेखक समजावून सांगायला लागला की थांबतो.
दोघी मुरंब्याच्या बरणीआडून भांडल्या,
एक जर्मनमधून, एक इथल्या बोलीतून,
पाव गार होईपर्यंत.

नेरीनाबाईंचा भाचा तादेय, अकरा वर्षांचा,
शाळेला वाऱ्यामुळे सुटी,
दुधाच्या मिशा न पुसताच म्हणाला,
त्यांनाच विचारा ना.
कुणाला?
त्यानं मधमाश्यांवरची कादंबरी उचलली,
कण्यावर उभी धरली आणि दोन्ही हात सोडले.
एकशे बेचाळीस.
पानाच्या मधोमध केसांच्या चापाचा गंजका ठसा.

मग कुणी बोललं नाही.
एकेक पुस्तक उभं राहायचं आणि दुभंगायचं,
जिथं कधीतरी कुणीतरी उताणं ठेवून
दिवा मालवला असेल, किंवा फोन घ्यायला उठलं असेल.
बंदरांचा इतिहास अठराव्या पानावरच उघडला.
मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली.

दहा लागली.
अकरावं, निळ्या कापडी बांधणीचं, जाडजूड,
उघडेचना.
तादेयनं तीनदा हात सोडले,
तीनदा ते मिटल्या मिटल्या आडवं झालं.
आणि खूण तर होती, रेशमी, गोंड्याची,
सगळ्यांत सुंदर.
हे कुणी वाचतच नव्हतं, मावशी, तो म्हणाला.

नेरीनाबाईंचे कान लाल झाले.
हा लिहिणारा दर नोव्हेंबरात येतो, त्या म्हणाल्या,
सहा फूट उंच, दोन रात्री, रोख पैसे,
आणि दोन्ही सकाळी विचारतो, कुठपर्यंत आलात?
म्हणून दर वर्षी गोंडा
वीसेक पानं पुढं सरकवते.

वाल्ट्राउटबाईंना आधी हसू फुटलं. मग टेबलालाच.

निघताना मी खिडकीची खिट्टी दोनदा तपासली.
खाली रस्त्याच्या कडेनं दोर बांधले होते,
लोक ते धरून कामावर चालले होते, टोप्या छातीशी धरून.
गोदीवर माझी वाट पाहणारं जहाज होतं,
पण अठराव्या पानावर
बंदरात शिरणारं एक दुसरंच होतं,
आणि त्याचं पुढं काय झालं
ते विचारायला मी जिन्यातून परत फिरलो.

किती रात्री? वरूनच विचारलं त्यांनी.