बरणी

वरच्या गावात आता पाचच चुली पेटतात.
त्यातल्या एका दारात मी पाणी मागायला थांबले.
पोलिक्सेनीनं पाणी दिलं, ओंजळभर अक्रोड दिले,
आणि न विचारता माझ्या सॅकमध्ये
फडक्यात गुंडाळलेली काचेची बरणी ठेवली.
"खाली जातेस ना? पुलाजवळ. निळं दार.
माझी बहीण, लाम्ब्रिनी.
आडवी धरू नकोस."

मला ग्रीक येतं तीसेक शब्दांपुरतं.
त्यात आंबवण नव्हतं.
तिनं छातीवर हात ठेवला,
मोठा श्वास घेतला, सोडला,
आणि बरणीकडे बोट दाखवलं.

मग वाट.
दगड बसवलेत ते खेचराच्या टापेला मापून,
माणसाच्या पावलाला दीडदीड पडतात.
त्यामुळे उतरताना सारखं वाटत राहतं
की आपलं काहीतरी मागे राहिलंय.

ओकांच्या रानात उजेड हिरवा, जुना.
इथं कुऱ्हाड लावील त्याचा निर्वंश होवो,
असं कुण्या पाद्र्यानं तीनशे वर्षांपूर्वी
सगळ्या गावासमोर उच्चारून ठेवलंय.
कुणी लावली नाही.
म्हणून डोंगर अजून डोंगराच्या जागी आहे
आणि खालची घरं घरांच्या.
शापाला इतकं काळजीवाहू मी कधी पाहिलं नव्हतं.
वठलेलं झाडसुद्धा पडलं तिथंच पडून होतं,
अंगावर शेवाळ ओढून.

वळणावर स्तेर्योस भेटला, चाळीस मेंढ्या,
आणि माझ्यावर अजिबात विश्वास नसलेला कुत्रा.
बरणी बघून हसला.
म्हणाला, अकरा वर्षं झाली, बोलत नाहीत दोघी.
भांडण? मी विचारलं.
त्यानं काठीनं चढ दाखवला,
मग स्वतःचा गुडघा.
मग खांदे उडवले,
म्हणजे कदाचित भांडणही असेल.

दुपारी ऊन दरीत उतरलं
आणि पाठीवर काहीतरी ऊबदार हलायला लागलं.
आधी वाटलं घाम.
नदीकाठी सॅक उघडली तर
झाकण वर उचललेलं, पीठ फुगून बाहेर,
माझ्या एकुलत्या एक स्वेटरात घुसलेलं,
आंबूस, आणि त्यात कुठेतरी तुळस.
क्रुसाच्या सणाला देवळातून आणलेली काडी
बुडवून धरतात म्हणे पहिलं विरजण.
मी झाकण दाबलं. ते पुन्हा उचललं गेलं.
नदी इतकी नितळ
की खोली किती, तेच कळत नव्हतं.
पाय घातला आणि घोट्यापासून हाडापर्यंत कळली.

पूल एकाच कमानीचा, कठडा नसलेला.
पोटाखाली एक घंटा टांगलेली:
वारा फार झाला की वाजायची,
लादलेली खेचरं काठावर थांबायची.
आता खेचरं नाहीत. लादायचं तेही
स्टुटगार्टला, मेलबर्नला निघून गेलं.
त्या दिवशी वारा नव्हता.
तरी मी मध्यावर थांबले, उगाच,
पोटाशी बरणी धरून.

निळं दार लगेच उघडलं.
लाम्ब्रिनीनं माझ्याकडे पाहिलंच नाही.
चमचा आणला, स्वेटराच्या विणीतून
पीठ निपटून घेतलं, टाके न उसवता,
थेंबही वाया जाऊ न देता.
नाकाशी नेलं.
बराच वेळ डोळे मिटलेले.
मग म्हणाली,
"राई अजूनही जास्तच घालते."

स्वेटर तिनं धुतला, चिनाराखाली वाळत घातला.
बरणी धुतली, उन्हात पालथी ठेवली.
मी पारावर बसून बुटातले खडे काढत होते
तेव्हा ती बरणी घेऊन आली:
आत बेहीचा मुरंबा, तळहातावर सूर्य धरावा तसा.
माझ्या बाजूला ठेवली.
"वर कधी जाणार?"

यानिनाची बस साडेचारची होती.
मी घड्याळ दाखवलं, रस्ता दाखवला,
बसची हाताने वळणं काढून दाखवली.
ती सगळं नीट बघत राहिली,
आणि मग
मान हलवून म्हणाली,
"आडवी धरू नकोस."