आरशाच्या अलीकडे

निरीक्षण-खोलीत पंखा लावायचा नाही,
आवाज पलीकडे जातो.
मार्चमध्येसुद्धा. बडोद्याच्या मार्चमध्ये.
चौदा मुली, दोन मुलगे आणि मी,
काचेच्या अलीकडे, अंधारात, घामाघूम.
पलीकडे बालवाडी, उजेड, एकवीस मुलं;
त्यांच्या लेखी ही काच म्हणजे आरसा.

जे दिसतं तेवढंच लिहा, मी सांगते.
बावीस वर्षं हेच सांगते आहे.
झंखना लिहिते : मूल उदास आहे.
मी खोडते.
उदास तुला कुठे दिसलं?
लिही : दाराशी उभा. दप्तराचा पट्टा तोंडात.
डावा बूट उजव्या पायात.
ती लिहिते, आणि मग हळूच,
"पण मॅडम, उदास आहेच ना तो?"

आहेच.

आज पाण्याचा प्रयोग.
बसका पेला, उंच पेला, पाणी तेवढंच.
(पाणी मराठीत पाणी, गुजरातीतही पाणी,
लहानपणी गल्लीत मला तेवढा एक शब्द
बदलावा लागला नव्हता.)
जिग्नाबेन ओततात, विचारतात, "शेमां वधारे?"
चार वर्षांचा हितार्थ
उंच पेल्यावर बोट ठेवतो.
सोळा पेनं एकदम चालू लागतात.
पुस्तकातलं पान असं समोर घडलं की
दर वर्षी मला बरं वाटतं,
पोळी टम्म फुगल्यासारखं.

पण तो पेला उचलतो. दोन घोट पितो.
शेजारी ठेवून, एक डोळा मिटून बघतो.
अजून एक घोट.
"हवे सरखुं."
आणि पाण्याची मिशी बाहीनं पुसतो.

"मॅडम, हे कुठल्या रकान्यात?"

मी तक्ता उलटून पाहते,
जणू मागच्या बाजूला असेल.

तेवढ्यात तो सरळ आमच्याकडे येतो.
काचेला नाक टेकवतो, चपटं, पांढरं, बटणाएवढं,
आणि छताजवळच्या स्पीकरमधून
त्याचा आवाज आमच्या डोक्यावर पडतो :
आरशामागे मगर आहे!
विश्वामित्रीतली. पुरात त्याच्या सोसायटीत आली होती,
जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, त्यानं पाहिलीय.
मगर काही करत नाही.
हलत नाही. नुसती बघते.

कुणी हसलं नाही.
सतरा जण आम्ही, गुडघ्यांवर वह्या,
श्वाससुद्धा जपून घेत.
झंखनाचं पेन थांबलेलं,
माझ्याकडे बघत होती,
जे दिसतं तेवढंच बघत होती बहुतेक.

मी उठले
आणि पंखा लावला.

पलीकडे एकवीस माना वळल्या.