पाच मिली

एक्स-रेत दिसली, डाव्या खालच्या जबड्यात,
आडव्या झोपलेल्या अक्कलदाढेभोवती,
काळी, गुळगुळीत कडेची, सुपारीएवढी.
"दुखलं नाही कधी?" मुळगुंद डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"नाही. क्लॅरिनेटवर वरचा सा हलायचा.
मला वाटलं, रीड जुनी."

सुईत पिवळट पाणी आलं,
उजेडात धरलं तर चमचमणारं.
तुकडा तपासायला गेला. नऊ दिवस
खेतवाडीच्या आमच्या खोलीत
तो शब्द कुणी उच्चारला नाही,
सगळे नुसतं "रिपोर्ट" म्हणत होते.

साधी गाठ निघाली.
साधी, पण हाड पोखरून बसलेली.
बाईंनी ती उपटली नाही, खिडकी पाडली.
"नस खेटून आहे, ओठ बधिर झाला तर
हे वाजवणार कशाने?
रोज धुवा. ती आपणच आक्रसेल."

रात्री मी टॉर्च धरते दातांत
आणि पिचकारीने मिठाचं पाणी सोडते.
बावीस वर्षांत ह्यांच्या इतकं आत
पाहिलं नव्हतं मी.
मार्चमध्ये पाच मिली मावायचं.
लग्नसराई अल्फोन्सने वाजवली, तेव्हा तीन.
आता दीड.

काल धुताना हे काहीतरी बोलले,
आ वासलेला, पाणी हनुवटीवरून ओघळतंय.
शब्द कळले नाहीत.
वरचा सा होता बहुतेक.