साडेआठची नोंद

विश्राम पेडणेकर गेला तेव्हा
आभाळात काहीच नव्हतं.
फेब्रुवारीतला मंगळवार, मुलुंडची एक सोसायटी,
चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधली पायरी,
मांडीवर डबा, बाजूला पान्हा,
आणि वर अडकलेली लिफ्ट,
जी मग दुसऱ्याच कुणीतरी सोडवली.

फोन आला तेव्हा आम्ही चौघांनीही
आपापल्या जागी, एकमेकांना न सांगता,
आधी रडार उघडलं.
सवय. दुसरं काय.
कल्याणपासून पालघरपर्यंत कोरी पाटी.
आर्द्रता एकतीस टक्के. वारा ईशान्येचा, मंद.
कसलाच इशारा नाही. पिवळासुद्धा नाही.

स्मशानात बावतीस मास्तर म्हणाले,
"वादळ निदान ताटकळत तरी ठेवतं."
मग बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

लिफ्ट कंपनीतल्या लोकांना कळेना
आम्ही याचे कोण.
नात्यातले नाही, शेजारचे नाही, एका गावचे तर नाहीच.
गोराईचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर,
कुर्ल्याला केमिस्टकडे बसणारी तहमीना,
धड मिसरूड न फुटलेला कैवल्य, आणि मी.
काय सांगणार?
की ऑक्टोबरात घाटावरून ढग उतरू लागले
की हा आम्हाला कामावरून उठवायचा?
"गिऱ्हाईक आलंय मुंब्र्याला,"
एवढंच म्हणून फोन ठेवायचा.
आणि आम्ही ऐरोलीच्या पुलाजवळ, खाडीच्या चिखलाकडेला,
हप्त्यावर घेतलेले कॅमेरे दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून
ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट व्हायची वाट बघायचो.

वीज दिसली की तो मोठ्याने मोजायचा.
एक, दोन, तीन,
कायम घाईघाईत.
त्यामुळे त्याच्या हिशेबात वादळ
होतं त्यापेक्षा लांबच असायचं.
तहमीना चिडायची, "मरशील एक दिवस असा मोजत."
ते वाक्य तिने अजून कुठे ठेवलेलं नाही.

टेंभीपाड्यात त्याच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे.
सकाळी साडेआठला आकडा पाठवायचा, बारा वर्षं, न चुकता.
तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
त्याच्याच नंबरावरून आला:
शून्य.
माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

सुचेतावहिनी होत्या.
पापड वाळवायची जागा अडते म्हणून
ज्या त्या नळकांड्याशी बारा वर्षं भांडल्या.
मार्चभर शून्य. एप्रिल शून्य.
मे महिन्यात एकदा: शून्य, आत कावळ्याचं पीस.
आम्ही प्रत्येक शून्याला पोच देत गेलो.
कैवल्य एका रविवारी जाऊन दाखवून आला
की काचेला चिकटून वर चढलेली कड मोजायची नसते,
मधला खोलगट भाग मोजायचा.
वहिनी म्हणाल्या, "बरं."
आणि त्याला पापड दिले.

परवा ढग आला मुंब्र्यावर.
कुणी कुणाला फोन केला नाही.
तरी पुलापाशी चौघेही होतो,
उशिरा, ओशाळलेले,
स्टँड कुणीच उघडला नव्हता.
वीज पडली पलीकडे, घणसोलीच्या अंगाला,
आणि मोजायला कुणी नव्हतं.
दुसरी पडली तेव्हा कैवल्यने सुरुवात केली,
घड्याळाकडे बघत, एकेक सेकंद पुरता घेत.
अकरा.
विश्रामच्या हिशेबात सोळा झाले असते.
चार किलोमीटरही नाही, मास्तर म्हणाले,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
आम्ही शहाण्यासारखे गाडीत जाऊन बसलो,
काचा वर करून,
पुढची सीट मोकळी ठेवून दाटीवाटीने मागे.

सकाळी आठ बत्तीसला वहिनींचा निरोप:
सतरा पूर्णांक चार.
रात्री वरचं नरसाळं उडालं, शोधते आहे.
आकडा कच्चा धरा.